टोमकी कुठे लुबकली?

आमच्याकडे वाचनाच्या नोंदीचा जो तक्ता असतो, त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे एकच खूण करायची असते. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यांपैकी एक. ही शिडी ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ या शिक्षण-पाहणीतली. २००५ पासून ती इतकी रुळली की शिक्षण परिषदेत भेटणारे शिक्षक एकमेकांना ‘तुमच्याकडे गोष्ट स्तरावर किती?’ असंच विचारतात. साधन साधं आहे, म्हणून टिकलं. एक कागद, चार चौकटी. आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद द्यायचा. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर मागे येऊन शब्द, मग अक्षरं. पाचांतले चार शब्द बरोबर आले की शब्द स्तर. घरोघर जाऊन लाखो मुलं तपासायची तर यापेक्षा लांबण लावून चालणारही नाही. २०२४च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधली पाचवीची ४४.८ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हाच आकडा ३८.५ होता. आकडा वाढला याचा आनंद आहेच. पण वाचून झालेल्या गोष्टीत काय घडलं, हे विचारणारी पायरी या शिडीत नाही.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी सरांकडे. तक्त्यात माझ्या वर्गाचं चित्र बरं दिसायचं. मला शंका आली ती मराठीच्या तासाला नव्हे, गणिताच्या. फळ्यावर उदाहरण होतं: ‘रमाकडे २४ बोरे आहेत. ती सलमाच्या बोरांपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर सलमाकडे किती बोरे आहेत?’ गोष्ट स्तरावरच्या बहुतेक सगळ्यांनी ३० लिहिलं. बेरीज अचूक, हातचा अचूक. ‘जास्त’ हा शब्द दिसला की मिळवायचं, ‘उरले’ दिसलं की वजा करायचं, असा त्यांचा हिशोब. उदाहरण मोठ्याने वाचायला लावलं तर खडाखडा वाचलं. पण बोरं कोणाकडे जास्त आहेत, या प्रश्नावर अर्धा वर्ग सलमाच्या बाजूला आणि अर्धा रमाच्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर हे लिहिलं: ‘एक टोमकी झिंबाळात लुबकली. तिथे तिला दोन गरफे भेटले. गरफ्यांनी टोमकीला ढमसवले. म्हणून टोमकी फार रुमसली.’ आणि खाली प्रश्न. टोमकी कुठे लुबकली? तिला कोण भेटले? गरफे किती होते? टोमकी का रुमसली? मुलं खूप हसली आणि चारही उत्तरं लिहून मोकळी झाली. झिंबाळात. गरफे. दोन. गरफ्यांनी ढमसवले म्हणून. एकही चुकलं नाही. पैकीच्या पैकी गुण, आणि टोमकी हा प्राणी आहे की भांडं, हे ना त्यांना ठाऊक ना मला. आम्ही वर्षानुवर्षं उताऱ्याखाली जे प्रश्न देतो, त्यांतले बरेचसे याच जातीचे असतात. प्रश्नातले शब्द उताऱ्यात हुडकायचे आणि त्यांच्या शेजारचा शब्द उचलायचा. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न म्हणजे विचाराचा, असं आपण समजतो, पण ओळीत ‘म्हणून’ आयतं असेल तर तोही तसाच सुटतो.

म्हणून मी स्वतः उतारे लिहायला घेतले. पाठ्यपुस्तकातले चालत नाहीत, ते मुलांना तोंडपाठ असतात. न पाहिलेला मजकूर हवा, वाक्यं लहान हवीत, जोडाक्षरांची गर्दी नको. आणि एक गोष्ट त्यात घडलेली असावी पण लिहिलेली नसावी. ही शेवटची अट फार छळते. पहिला बरा जमलेला उतारा असा:

‘आजी पहाटे उठली. तिने दार उघडून वर पाहिले. अंगणात पसरलेले गहू तिने घाईघाईने पोत्यात भरले. शेळी आत आणून बांधली. मग एक बादली घेतली आणि घरात बरोबर गळक्या पत्र्याखाली ठेवली. नातवाला म्हणाली, आज शाळेत जाताना पोत्याची खोळ घे.’

यात पाऊस हा शब्द नाही, आभाळ नाही, ढग नाही. प्रश्न: आजीला वर काय दिसले असेल? तुला ते कशावरून वाटले?

चौथीतली एक मुलगी आमच्या शाळेची शान आहे. मारुतीच्या पारावर चावडी वाचन झालं तेव्हा सरपंचांनी तिला वही-पेन बक्षीस दिलं होतं. तिने हा उतारा एका दमात वाचला, पूर्णविरामाला थांबली, बोलण्याच्या वाक्याला आवाजही बदलला. आजीला वर काय दिसलं? ‘गहू.’ वर? तिने पुन्हा कागदावर नजर फिरवली. ‘पत्रा.’ दोन्ही उत्तरं तिने आसपासच्या ओळींतून उचलली होती. तिच्यानंतर तिसरीतला एक मुलगा बसला. तक्त्यात त्याची खूण ‘शब्द’वर. ‘खोळ’ला ‘खळ’ म्हणाला, ‘घाईघाईने’पाशी घाम फुटला, बोट ओळीवरून हलेना. वाचून संपल्यावर मात्र प्रश्न पुरता विचारायच्या आधीच म्हणाला, ‘आभाळ आलं आसंल मॅडम. नायतर गहू कशाला भरील ती?’ आणि वर, ‘खोळ मंजी पोत्याचीच ना?’ म्हणजे चुकीचा वाचलेला शब्दही त्याने अर्थावरून मागाहून दुरुस्त करून घेतला होता.

तक्त्याच्या हिशोबाने ती मुलगी पुढची आणि हा मुलगा मागचा.

तपासणी कशी करायची यावर बरंच शिकले. वर्गात, इतरांसमोर ही चाचणी घेता येत नाही. पुढच्याचं उत्तर मागचा ऐकतो, आणि पहिल्या तीन मुलांनंतर प्रत्येक आजीला आभाळच दिसायला लागतं. ओसरीवर, पाण्याच्या टाकीमागे बसायला लागले. मोबाइलवर वेळ लावायचा तर मोबाइल उलटा ठेवायचा. आकडे पळताना दिसले की मुलं वाचत नाहीत, धावतात. वेळ लावावा लागतो, कारण ‘निपुण भारत’च्या उद्दिष्टांत तसं आहे. मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं हे अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६०, तेही समजून. ‘समजून’ हा शब्द उद्दिष्टात स्पष्ट आहे. पण तक्त्यावर येईपर्यंत तो गळतो आणि ६० उरतात. शब्द मोजण्याचीही एक गंमत आहे. हिंदीत ‘घर के पास’ हे तीन शब्द होतात, आपल्याकडे ‘घराजवळ’ हा एक. ‘शेतातल्यासुद्धा’ वाचणाऱ्या पोराला एकाच शब्दाचं श्रेय. एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षण-संशोधन संस्थेने २०२२ साली तिसरीच्या मुलांचा जो पायाभूत अध्ययन अभ्यास केला, त्यात प्रत्येक भाषेसाठी वेगळे निकष ठरवले होते, ते योग्यच होतं. मी वेग टिपते, पण उत्तरं ऐकून झाल्याशिवाय तो बघत नाही.

आता प्रश्नांबद्दल. प्रश्न उताऱ्यापेक्षा अवघड निघाले. एक युक्ती फार कामाला आली: उतारा न देता नुसता प्रश्न एखाद्या मुलाला विचारायचा. उत्तर बरोबर आलं तर तो प्रश्न बाद. ‘शेळीला आत का बांधले?’ हा मला आवडलेला प्रश्न याच कारणाने गेला. आमच्या गावात ‘पाऊस, नायतर बिबट्या’ हे उत्तर कोणीही झोपेत देईल. उत्तर कागदावर वाचल्याशिवाय सुचू नये, आणि कागदावर आयतंही नसावं. या दोन भिंतींच्या मधल्या जागेत बसणारा प्रश्न रोज सुचत नाही. ‘गळकी जागा आजीला कशी माहीत?’ हा बसला. कोणी म्हणालं, ‘मागच्या पावसात गळालं आसंल.’ एक जण म्हणाला, ‘बादली बरोबर ठेवली म्हणलंय ना, मंजी तिला ठावं होतं.’ ‘बरोबर’ या एका शब्दावर बोट ठेवणारं उत्तर चौथीच्या पोराने द्यावं, यापरतं मला काय हवं!

आजीचा उतारा आमच्या मुलांना सोपा गेला, कारण पत्रा, खोळ, वाळत घातलेले गहू हे सगळं त्यांच्या अंगणातलं. तुलनेसाठी मी दुसरा दिला: शहरातल्या मोठ्या दुकानात सरकत्या जिन्यापाशी अडून बसलेल्या मुलीचा. तीच मुलं गारद. जिना सरकतो म्हणजे भूकंप झाला, असं एकाने अनुमान काढलं. तर्क म्हणून ते काही वाईट नाही. अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळाचा उतारा दिला होता. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्यांच्या पुढे गेली. बेसबॉलच्या जागी गव्हाचं पोतं ठेवलं की आमची ओसरी. त्यामुळे एका उताऱ्यावरून कोणाच्याही नावापुढे काही लिहायचं नाही, हे ठरवून टाकलं. निदान दोन, एक ओळखीच्या जगातला, एक परका.

ओळखीच्या उताऱ्याचीही एक उलटी बाजू आहे आणि ती ऊसतोडीच्या मुलांनी दाखवली. आमच्या पट्ट्यातून दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर थेट कर्नाटकात, आणि फड संपला की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मागे राहतात, काही आजी-आजोबांपाशी, काही आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. परतलेल्यांची तपासणी वेगळी घ्यावी लागते, कारण मधले महिने पुस्तकच नसतं. त्यांच्यासाठी लिहिलेला उतारा असा होता: कारखान्यावर गाड्यांची रांग लागलेली, आपला नंबर यायला सकाळ होणार असं बाबांना वाटतं, ते बैलांपुढे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे टाकतात, गाडीखाली घोंगडी अंथरून मुलाला झोपवतात, पण मध्यरात्रीच गाडी रिकामी होते.

कोपीवरून परतलेल्या एका मुलीने वाचल्यावर जी गोष्ट सांगितली, ती माझ्या गोष्टीपेक्षा चांगली होती. त्यात थंडी होती, शेकोटी होती, मुकादम फोनवर ओरडत होता, तिचा लहान भाऊ रडत होता. माझ्या उताऱ्यात यातलं काहीच नाही. गाडी कधी रिकामी झाली? ‘सकाळी. सकाळीच व्हती.’ इथे तिने कागद वाचलाच नव्हता, कागदाने तिला तिचं आयुष्य आठवून दिलं होतं आणि ती ते सांगत होती. याला आकलन म्हणायचं का? अर्धं. मजकुराला आपलं काही जोडणं हा आकलनाचा भाग आहेच, पण मजकूर आपल्या अनुभवाच्या विरुद्ध काही सांगत असेल तर ते ऐकून घेणं हाही. म्हणून आता ओळखीच्या प्रत्येक उताऱ्यात मी एक तरी गोष्ट मुलांच्या अंदाजाबाहेरची घालते आणि प्रश्न तिच्यावर विचारते.

यापुढचा भाग पटकन होतो आणि सगळ्यात जास्त सांगून जातो. जे मूल अडलं, त्याला तेवढ्याच अवघडीचा दुसरा उतारा मी वाचून दाखवते आणि प्रश्न तोंडी विचारते. १९८६ साली गफ आणि टनमर या दोघांनी मांडलेलं सूत्र आहे: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. तिसरीतला तो ‘खळ’वाला ऐकून सगळं सांगतो, म्हणजे त्याला अक्षरांचा सराव हवा. गोष्टी समजावून सांगत बसले तर त्याचा वेळ वाया जाईल. आणि पारावर बक्षीस मिळवणारी मुलगी ऐकल्यावरही ओळीच परत देते. तिला अजून उतारे वाचायला देऊन काही होणार नाही, तिच्याशी बोलत बसायला हवं, ‘आणि मग?’, ‘कशावरून?’ विचारत. दोघांना तक्ता एकाच इलाजावर पाठवतो: जास्त वाचन घ्या.

काहींचं कारण या दोन्हींत नसतं. एक जण कागद नाकाला लावून वाचत होता. आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं तेव्हा त्याला पुढे केला, चष्मा लागला. एकाच्या बाबतीत ‘ब-व’, ‘म-भ’ची अदलाबदल सराव करूनही हलेना, त्याच्या पालकांशी बोलून पुढच्या तपासणीसाठी पाठवलं. नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरची ‘डाली’ नावाची वाचन-अक्षमता तपासण्याची साधनं मराठीतही आहेत, पण ती जाणकारानेच वापरायची. ओसरीवरच्या चाचणीवरून मुलाच्या कपाळी शिक्का मारायचा अधिकार मला नाही.

गोष्ट आपल्या शब्दांत सांगायला लावणं ही कागदावर सगळ्यात सोपी आणि प्रत्यक्षात सगळ्यात फसवी चाचणी. मुलं मला दोन वाक्यांत गुंडाळायची. ‘आजी उठली, गहू भरले, झालं.’ बरोबरच आहे, मॅडमनीच कागद दिलाय, मॅडमना सगळं ठाऊक आहे, मग त्यांना काय सांगायचं? मग मी ऐकणारी बदलली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना वाचता येत नाही, आणि त्या ते लपवतही नाहीत. वाचून झालं की मुलाला त्यांच्याकडे पाठवायचं, ‘मावशींना गोष्ट सांगून ये’ म्हणून. मी दाराशी वही घेऊन उभी. तांदूळ निवडता निवडता मावशी मध्येच विचारायच्या, ‘का गं, येवढ्या पहाटं गहू कशापायी भरले तिनं?’ असला प्रश्न माझ्या यादीत नव्हता, तो मी लगेच घेतला. मला ‘गहू’ म्हणणारी ती मुलगी मावशींसमोर अडखळली, परत पळत येऊन कागद मागून घेतला, उभ्याउभ्याच वाचला आणि जाऊन म्हणाली, ‘पाऊस येणार आसंल मावशी.’ मला नसतं सांगितलं.

गाळलेल्या जागांचाही एक प्रयोग केला. अमेरिकेत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये सुचवलेली ही रीत: उताऱ्यातला ठरावीक अंतरावरचा, म्हणजे दर पाचवा वगैरे शब्द खोडायचा आणि मुलाला भरायला लावायचा. सगळ्या वर्गाची चाचणी एकदम होते ही त्यातली सोय. पण मराठीत क्रियापद चुगली करतं. ‘आईने तव्यावर ... भाजली’ म्हटलं की स्त्रीलिंगी, एकवचनी काहीतरी हवं हे सहा वर्षांच्या मुलालाही जिभेवरून कळतं. भाकरी येते, आमच्याकडे भाकर येते. ही पुन्हा टोमकीच. दोन वाक्यं मागचं आठवल्याशिवाय भरता येणार नाही अशीच जागा खोडली, तर उपयोग. म्हणजे दर पाचवा शब्द बाजूला ठेवून जागा हाताने निवडायच्या, आणि मग सोय संपते.

आमचे सर या सगळ्यावर खूश नाहीत. ‘मॅडम, आधी पोरांना वाचता तर येऊ द्या, समजायचं पुढं बघू,’ हे त्यांचं म्हणणं. पहिली-दुसरी सांभाळणाऱ्या माणसाचं ते म्हणणं मला उडवून लावता येत नाही. अक्षरंच न उलगडणाऱ्या पोरापुढे अनुमानाचा प्रश्न ठेवून काय होणार? पण समजायचं पुढे ढकलत ढकलत पोरं चौथी ओलांडून जातात आणि पाचवीत इतिहासाचं पुस्तक टोमकीसारखं वाचतात. मी सरांना एवढंच पटवू शकले की पहिलीतही गोष्ट वाचून दाखवल्यावर एक प्रश्न असा विचारावा, ज्याचं उत्तर गोष्टीत लिहिलेलं नाही. तसा प्रश्न ते आता विचारतात. कधी कधी.

वर जाणारा तक्ता आहे तसाच आहे. त्यात एकच खूण बसते, ती मी करते. माझ्या वहीत मात्र प्रत्येक नावापुढे तीन रकाने आहेत: वाचून, ऐकून, सांगून. आकडे नाहीत, मुलाची वाक्यं आहेत, जशी बोलली तशी. पालक सभेत आकड्यापेक्षा ही वाक्यं जास्त चालतात. ‘गहू कशाला भरील ती’ हे वाचून दाखवल्यावर त्या ‘शब्द’ स्तरावरच्या मुलाचा बाप म्हणाला, ‘डोकं हाय म्हणा की.’

सध्याची अडचण वेगळीच आहे. आजीचा उतारा बाद झाला. मोठ्या भावंडांनी धाकट्यांना सांगितलं, मावशींनी गल्लीत सांगितलं, आता कागद समोर येण्याआधीच पोरं ‘पाऊस’ म्हणतात. उतारा एकदा गावात फुटला की संपला, आणि नवा लिहायला मला फार वेळ लागतो. म्हणून शेजारच्या गावातल्या एका शिक्षिकेशी अदलाबदल ठरवली आहे. माझे उतारे तिच्या शाळेत, तिचे माझ्याकडे. तिचा पहिला उतारा कालच व्हॉट्सअॅपवर आला, जत्रेत हरवलेल्या मुलाचा. खाली चार प्रश्न आहेत. त्यांतले दोन उतारा न वाचताच सुटतात, तसं मी तिला कळवलं आहे.